कॅसांड्राचं देणं

पॉम्पेईच्या उत्खननात एप्रिल २०२४ मध्ये मेजवान्यांचं एक दालन उजेडात आलं. लांबी सुमारे १५ मीटर, रुंदी ६ मीटर, आणि भिंती काळ्याभोर. दिवस मावळल्यावर इथं दिवे लागत, पंगती बसत. दिव्यांची काजळी दिसू नये म्हणून भिंतींना काळा रंग दिला असावा, असं उत्खनन करणारे सांगतात. त्या काळ्या भिंतींवर ट्रॉयच्या कथेतली माणसं रंगवली आहेत. एका चित्रात हेलन आणि पॅरिस भेटतात, दुसऱ्यात अपोलो कॅसांड्राची मनधरणी करतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या घरात पाहुणे द्राक्षमद्याचे प्याले हातात घेऊन या चित्रांकडे बघत असतील, आणि दिव्याची वात हलली की चित्रातली माणसंही हलल्यासारखी वाटत असतील. कथा त्यांना पाठ होती. त्या दिवशी तिचं वय शेकडो वर्षांचं झालेलं होतं.

कॅसांड्रा ही ट्रॉयचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा यांची मुलगी. अपोलो तिच्यावर भाळला आणि भविष्य जाणण्याची विद्या त्यानं तिला देऊ केली. तिनं शब्द दिला, विद्या घेतली आणि मग शब्द फिरवला. देवानं एकदा दिलेलं त्यालाही परत घेता येत नाही. म्हणून त्यानं शाप जोडला: हिचं प्रत्येक भाकीत खरं ठरेल, पण ते कुणालाही पटणार नाही. व्हर्जिलच्या महाकाव्यावर पुढं टीका लिहिणारा सर्व्हियस सांगतो, की अपोलोनं शेवटचं एक चुंबन मागितलं आणि तिच्या तोंडात थुंकला. दुसरी एक हकीकत अगदी निराळी आहे. कॅसांड्रा आणि तिचा जुळा भाऊ हेलेनस लहानपणी थिंब्राच्या देवळात रात्रभर विसरले गेले, सापांनी त्यांचे कान चाटले आणि दोघांनाही पुढचं कळू लागलं. या हकीकतीत सौदा नाही, शापही नाही. हेलेनसनं सांगितलेलं सर्वांनी मानलं. ग्रीकांनी त्याला पकडलं ते त्याच्या भाकितांसाठीच, आणि व्हर्जिलच्या काव्यात तो पुढं एपायरसमध्ये राज्य करताना दिसतो. एकाच घरात जन्मलेल्या दोघांच्या एकाच विद्येची ही दोन टोकं.

मराठीतला ‘देणं’ हा शब्द या कथेला नेमका बसतो. देवानं दिलं तेही देणं, आणि फेडायचं राहिलं तेही देणं. कॅसांड्राचं पहिलं देणं जगाला ठाऊक आहे. दुसरं फेडायला ग्रीसच्या एका लहानशा प्रांताला कित्येक शतकं लागली, आणि ते फेडलं त्या प्रांतातल्या मुलींनी.

होमरला यातलं काहीच सांगायचं नव्हतं. ‘इलियड’मध्ये कॅसांड्रा भविष्य सांगत नाही. ती प्रायमच्या मुलींमध्ये सर्वांत देखणी आहे, एवढंच. ओथ्रिओनियस नावाचा एक योद्धा तिला मागणी घालतो. वधूमूल्याऐवजी ग्रीकांना पिटाळून लावायचं वचन देतो आणि रणात मारला जातो. शेवटच्या सर्गात मात्र तिला एक प्रसंग मिळतो. पहाटे ती गडावर चढते आणि दूरवरून येणारा आपला बाप व त्याच्या गाडीवरचं भाऊ हेक्टरचं प्रेत सर्वांत आधी तिच्या नजरेस पडतं. ती हाक मारते. त्या हाकेसरशी सगळं नगर वेशीकडं धावत सुटतं, घरात एकही माणूस उरत नाही. पुढं जिचं ऐकायचं नाही असं ठरलं, तिची पहिली हाक साऱ्या ट्रॉयनं ऐकली होती. ‘ओडिसी’त पाताळात पोचलेला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन सांगतो, की मरताना आपल्या कानांवर पडलेला सर्वांत करुण आवाज कॅसांड्राचा होता.

तिला आज आपण ओळखतो त्या रूपात उभं केलं एस्किलसनं. इ.स.पू. ४५८ च्या वसंतात अथेन्सच्या डायोनिससच्या उत्सवात त्याची तीन नाटकांची मालिका झाली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यातल्या पहिल्या नाटकात ट्रॉय जिंकून आलेला अगामेम्नॉन रथातून राजवाड्यासमोर येतो. त्याच रथात लुटीतली एक बाई आहे. राणी क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्यापुढं जांभळ्या-लाल पायघड्या अंथरते, त्याला गोड बोलून आत नेते, परत येऊन त्या बाईलाही आत चल म्हणते. बाई हलत नाही. राणी विचारते, हिला ग्रीक कळत नाही का? पाकोळीसारखी काही परकी भाषा आहे का हिची? बाई तरीही गप्प. जवळजवळ तीनशे ओळी ती रंगमंचावर आहे आणि तिच्या तोंडून एक अक्षर निघालेलं नाही. बोलणारा तिसरा नट ही त्या काळी नवी सोय होती. त्यामुळं ही मूकपात्राची भूमिका असावी असं प्रेक्षक धरून चालले असतील. राणी कंटाळून आत जाते, आणि मग ती बाई ओरडते. आधी शब्दच नसतात, नुसता आकांत. मग अपोलोचं नाव. ग्रीक भाषेत ‘अपोलो’ आणि ‘नाश करणारा’ हे जवळजवळ एकाच उच्चाराचे शब्द आहेत. ती त्याच्या नावातूनच आपला नाश वाचून दाखवते.

यानंतर जे घडतं त्याबद्दल लोकांची समजूत आणि नाटक यांत फरक आहे. समजूत अशी, की कॅसांड्रा ओरडते आणि सगळे तिला वेडी ठरवतात. नाटकातले आर्गोसचे म्हातारे तसं करत नाहीत. ती त्या राजवाड्याचा भूतकाळ बघते: सख्ख्या काकानं कापून बापाला वाढलेली थिएस्टिसची मुलं. म्हातारे चकित होतात. समुद्रापलीकडून आलेल्या परक्या बाईला आमच्या घरातली ही गोष्ट कशी कळली? अपोलोनं शिक्षा म्हणून माझ्या बोलण्यावरचा विश्वास काढून घेतला, असं ती सांगते, तेव्हा तर ते म्हणतात, की आम्हाला तुझं म्हणणं खरं वाटतं. विश्वास आहेच. अडतं ते पुढं. ती स्नानगृह, जाळं, कुऱ्हाड, गाय आणि बैल अशा प्रतिमांतून येणारा खून सांगते आणि त्यांना अर्थ लागत नाही. शेवटी ती आडपडदा ठेवत नाही, तुम्ही अगामेम्नॉनचा मृत्यू पाहाल असं सरळ सांगते. त्यावर ते घाबरून म्हणतात, गप्प बस, असं अभद्र बोलू नकोस. मग त्यांचा प्रश्न येतो, हे करणार कोण पुरुष? इतकं ऐकूनही हात एखाद्या बाईचा असेल हे त्यांच्या मनात येत नाही.

एस्किलसचं मोठेपण इथं आहे. शापाची गोष्ट त्यानं माणसाच्या स्वभावात आणून बसवली. म्हाताऱ्यांना कान आहेत, सहानुभूती आहे, तिच्याबद्दल आदरही आहे. ऐकलेलं पचवण्याची तयारी तेवढी नाही. कॅसांड्रा हातातली काठी आणि गळ्यातल्या माळा, अपोलोच्या सेवेच्या साऱ्या खुणा, जमिनीवर फेकते. दाराशी जाते, आतून रक्ताचा वास येतो म्हणून मागं सरते आणि तरीही स्वतःच्या पायांनी आत जाते. तिला कुणी ओढत नेत नाही. आयुष्यात एकदा तिला देवळातून ओढून बाहेर काढलेलं असतं, हे लक्षात ठेवलं की तिच्या या चालण्याचं वजन कळतं.

युरिपिडीसनं तिला पुन्हा आणलं ते इ.स.पू. ४१५ मध्ये. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात अथेन्सनं मेलोस बेट जिंकून तिथले मोठे पुरुष मारले होते आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली होती. सिसिलीवरची मोहीम निघायच्या बेतात होती. ट्रॉयच्या बंदिवान स्त्रियांच्या त्या नाटकात कॅसांड्रा हातात पेटती मशाल घेऊन, स्वतःच्याच लग्नाचं गाणं गात येते, कारण अगामेम्नॉनच्या वाट्याला दासी म्हणून ती गेली आहे. आई रडते. कॅसांड्रा तिला हिशेब मांडून दाखवते: ग्रीक एका बाईसाठी परमुलखात मेले, त्यांना बायकामुलांच्या हातची मूठमाती मिळाली नाही, आपली माणसं आपल्या मातीसाठी लढली आणि आपल्याच मातीत पुरली गेली. मग भाग्यवान कोण? प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कित्येक जण वर्षा-दोन वर्षांत सिराक्यूजला मरायचे होते. त्या वर्षीच्या स्पर्धेत युरिपिडीस दुसरा आला.

पुढच्या काळात तिचं नाव एक सामान्यनाम होऊन गेलं. कानाआड झालेला प्रत्येक इशारा कॅसांड्राच्या नावानं ओळखला जाऊ लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, एक लेख लिहिला. त्याचं नावच ‘कॅसांड्रा’. घरच्यांनी रुग्णसेवेला केलेल्या विरोधानं ती गुदमरली होती. सुखवस्तू घरातल्या मुलींना बुद्धी असते, तळमळ असते, पण दिवस बैठकीच्या खोलीत संपतो, हे तिचं दुखणं होतं. क्रिमियाच्या युद्धातून कीर्ती मिळवून आल्यावर १८६० मध्ये तिनं हा मजकूर खासगीत थोड्या प्रती छापून मोजक्यांना वाचायला दिला. सर्वसामान्य वाचकांपर्यंत तो पोचला १९२८ मध्ये, रे स्ट्रेची यांच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासाचं परिशिष्ट म्हणून, तिच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. फ्रेंच संगीतकार बर्लियोझचीही गोष्ट अशीच. १८५६ ते १८५८ या काळात त्यानं ट्रॉयवर प्रचंड संगीतिका रचली. तिचे पहिले दोन अंक कॅसांड्राचे. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये त्यातले फक्त पुढचे तीन अंक झाले, ट्रॉयचे अंक वगळले गेले. १८६९ मध्ये बर्लियोझ वारला तेव्हा आपली कॅसांड्रा रंगमंचावर गाताना त्यानं ऐकलेली नव्हती. पूर्ण संगीतिका १८९० मध्ये कार्ल्सरूहला झाली.

ख्रिस्टा वोल्फ यांची ‘कासांड्रा’ ही कादंबरी १९८३ची. जर्मनीच्या दोन्ही तुकड्यांवर अण्वस्त्रांची सावली होती. वोल्फ पूर्व जर्मनीत राहत होत्या. मायसीनीच्या सिंहद्वारासमोर मृत्यूची वाट बघत उभी असलेली कॅसांड्रा त्यांनी बोलती केली. युद्ध सुरू होण्याआधीच आपल्या बाजूचे लोक शत्रूसारखे कसे होत गेले, राजवाड्यात कुठले शब्द उच्चारायला बंदी आली, हे ती आठवते. कादंबरीसोबतच्या व्याख्यानांतली शस्त्रस्पर्धेवरची काही वाक्यं पूर्व जर्मनीतल्या आवृत्तीतून वगळण्यात आली आणि गाळलेल्या जागी टिंबं आली. न ऐकलेल्या बाईवरच्या पुस्तकातली ती टिंबं वाचकांना बरोबर वाचता आली.

आता हे नाव शास्त्र-तंत्रातही आहे. ट्युबिंगेन विद्यापीठात २०१७ पासून तीन वर्षं साहित्यातून येऊ घातलेल्या संघर्षांची चाहूल घेता येते का, याचा अभ्यास चालला. पैसा जर्मन संरक्षण मंत्रालयाचा आणि नाव कॅसांड्राचं. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी घडवलेली आणि २००८ मध्ये सर्वांना खुली केलेली माहितीसाठ्याची प्रणालीही ‘कॅसांड्रा’च. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे नाव रोज उच्चारलं जातं.

या सगळ्यात ती एक आवाज होऊन राहिली आहे. खरं बोलणारा, वाया जाणारा आवाज. ग्रीसच्या मातीत मात्र तिची आठवण आवाजाची नव्हती. ती जागेची होती, मूर्तीची होती, आणि ट्रॉय पडलं त्या रात्री एका देवळात काय घडलं याची होती.

त्या रात्री कॅसांड्रा अथीनाच्या देवळात गेली आणि देवीच्या लाकडी मूर्तीला मिठी मारून बसली. शरण आलेल्याला देवळातून ओढून काढायचं नाही, हा ग्रीकांचा फार जुना नेम. लोक्रिस प्रांताचा सरदार, ओइलियसचा मुलगा एजॅक्स, आत शिरला आणि त्यानं तिला ओढलं. तिनं हात सोडला नाही म्हणून मूर्तीच बैठकीवरून उखडून आली. पुढच्या कवींनी सरळ सांगितलं, की त्यानं तिच्यावर बलात्कार केला, आणि ते बघवलं नाही म्हणून देवीच्या मूर्तीनं डोळे वर छताकडं फिरवले. ट्रॉयच्या पाडावावरच्या एका हरवलेल्या जुन्या महाकाव्याचा सारांश शिल्लक आहे. त्यात आहे, की हा विटाळ बघून ग्रीक एजॅक्सला दगडांनी ठेचायला निघाले, तेव्हा तो पळाला आणि जीव वाचवायला अथीनाच्याच वेदीला जाऊन बिलगला. जो आसरा त्यानं तिला नाकारला होता, तोच त्यानं स्वतःसाठी मागितला, आणि तो त्याला मिळाला.

चित्रकारांना हा प्रसंग सोडवत नव्हता. नेपल्सच्या संग्रहालयात इ.स.पू. ४८० च्या सुमाराचा एक पाण्याचा घडा आहे, अथेन्सच्या क्लिओफ्रादीस चित्रकाराच्या हातचा. त्यावर वेदीवर बसलेला म्हातारा प्रायम दोन्ही हातांनी डोकं धरून आहे, मांडीवर नातवाचं प्रेत आहे. पलीकडं कॅसांड्रा एका हातानं अथीनाच्या मूर्तीला धरून दुसरा हात एजॅक्सपुढं पसरते. अंगावर पाठीमागं सरकलेल्या वस्त्राखेरीज काही नाही. याच सुमाराला इराणी सैन्यानं अथेन्स जाळलं होतं. देऊळ फुटणं म्हणजे काय, हे घडा रंगवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला कुणी सांगावं लागलं नसेल. डेल्फीच्या एका सभागृहात पॉलिग्नोटसनं रंगवलेली मोठी भिंत होती. ती आता नाही, पण दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस याचं वर्णन आहे. एजॅक्स वेदीपाशी उभा राहून शपथ घेतो आहे, आणि कॅसांड्रा जमिनीवर बसली आहे, मूर्ती अजून हातात. चौकशी तिच्यासमोर चालली आहे आणि शपथ त्याची घेतली जाते आहे.

पॉसेनियसला तिच्या खुणा ठिकठिकाणी भेटल्या. मायसीनीत त्याला अगामेम्नॉनची कबर दाखवली गेली, आणि तिथंच कॅसांड्राला झालेल्या टेलेडामस व पेलॉप्स या जुळ्या बाळांचीही, क्लायटेम्नेस्ट्राचा प्रियकर एजिस्थस यानं आईबापांमागोमाग मारलेल्या. कॅसांड्राच्या स्वतःच्या कबरीवर मात्र स्पार्टाजवळच्या अमिक्लेचे लोक हक्क सांगत होते. पॉसेनियसचं मायसीनीतल्या कबरींबद्दलचं वाक्य डोक्यात घेऊन हाइनरिख श्लीमान १८७६ मध्ये मायसीनीला खणू लागला. सोन्याचे मुखवटे घातलेले मृतदेह सापडले, सोन्याच्या पत्र्यात लपेटलेली बाळंही सापडली, आणि ही अगामेम्नॉन, कॅसांड्रा व त्यांच्या सोबत्यांचीच थडगी, असं त्यानं ग्रीसच्या राजाला तारेनं कळवलं. पुढं कालगणना झाली तेव्हा ती थडगी इ.स.पू. सोळाव्या शतकातली ठरली, म्हणजे ट्रॉयच्या पाडावाचा जो काळ मानतात त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीची. श्लीमानची बाळं कॅसांड्राची नव्हती. त्याचा उतावीळपणा माफ करावासा वाटतो, कारण तिची बाळं होती हे आठवणारा तो दीर्घ काळानं भेटलेला माणूस होता.

अमिक्लेच्या लोकांचं म्हणणं जास्त भक्कम निघालं. तिथं ‘ॲलेक्सांड्रा’ नावाच्या देवीचं ठाणं होतं आणि ही ॲलेक्सांड्रा म्हणजे प्रायमची कॅसांड्राच, असं गावकरी सांगत. १९५६ पासून तिथल्या आगिया पारास्केवी या जागी झालेल्या उत्खननात नवसाच्या हजारो वस्तू निघाल्या: मातीच्या उठावदार पट्ट्या, भांडी, आणि त्यांतल्या काहींवर ॲलेक्सांड्रा व अगामेम्नॉन यांची नावं. त्यातलं सर्वांत जुनं सामान इ.स.पू. सातव्या शतकापर्यंत मागं जातं. एस्किलसनं तिला बोलती करण्याच्या दोनशे वर्षं आधी स्पार्टाची माणसं तिला मातीची भांडी वाहत होती. तिथूनच दक्षिणेला थलामाईला एक दैवी कौल मिळे. देवळात झोपायचं, स्वप्नात उत्तर यायचं. तिथली देवी पासिफाई. प्लुटार्क लिहितो, की काहींच्या मते कॅसांड्रा इथंच वारली आणि सर्वांना सगळं उघड करते म्हणून तिला ते नाव पडलं. इ.स.पू. २४३ च्या आसपास तरुण राजा आगिस यानं स्पार्टात कर्जं माफ करून जमिनी पुन्हा वाटायचा बेत आणला, तेव्हा त्याच्या पक्षानं सभेत या देवळाचा कौल पुढं केला: सर्व स्पार्टावासी समान असावेत. जिचं कुणी ऐकत नाही म्हणतात, तिच्या शब्दावर इथं राज्यकारभार हलत होता. आगिसला पुढं त्याच्याच शहरानं फाशी दिलं, ती गोष्ट वेगळी.

इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावरची हकीकत लायकोफ्रॉनच्या नावावरच्या १४७४ ओळींच्या अवघड काव्यात येते. डौनिया प्रांतात कॅसांड्राचं देऊळ असे. नको असलेल्या नवरदेवाशी लग्न ठरलं, की तिथल्या मुली काळी वस्त्रं नेसत, तोंडाला रंग फासत आणि तिच्या मूर्तीला मिठी मारत. मग त्यांच्यावर सक्ती करता येत नसे. ‘ॲलेक्सांड्रा’ या नावाचा अर्थ पुरुषांना दूर सारणारी असाही होऊ शकतो. मूर्ती धरून बसलेल्या मुलीला ओढून नेलं गेलं, आणि तीच पुढं अशी मूर्ती झाली की जिला धरलं तर कुणी ओढू शकत नाही. तिच्याबद्दल जे जे लिहिलं गेलं आहे, त्यात डौनियाच्या अनाम मुलींना तिचं मर्म सर्वांत नीट कळलं होतं, असं वाटतं.

आणि लोक्रिस. एजॅक्स परतीच्या वाटेवर समुद्रात बुडाला, पण त्याच्या मुलखाची सुटका झाली नाही. तीन वर्षांनी रोगराई आली, पिकं गेली. डेल्फीचा कौल आला, की ट्रॉयच्या अथीनाला दोन कुमारिका पाठवा, हजार वर्षं. चिठ्ठ्या टाकून मुली निवडल्या जात. बोटीनं त्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिकपाशी, उतरवत. ट्रॉयचे लोक शस्त्रं घेऊन त्यांच्या वाटेवर असत. सापडली तर मारायचं, फळ न धरणाऱ्या झाडांच्या लाकडांवर जाळायचं, राख समुद्रात टाकायची. रात्रीच्या अंधारात चोरवाटेनं देवळात पोचली तर ती वाचली. मग केस कापलेले, अंगात एकच सदरा, पाय अनवाणी. देवीच्या जवळ जायचं नाही, देवळाबाहेर पडायचं नाही. झाडायचं आणि सडा घालायचा, मरेपर्यंत. एक मेली की तिच्या जागी दुसरी. पहिल्या दोघींची नावं सांगितली जातात: पेरिबिया आणि क्लिओपात्रा.

हे पुराण वाटेल, पण ते इतिहासात घुसतं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यावर एनियस नावाच्या लष्करी लेखकानं वेढ्यात शहर कसं राखावं यावर ग्रंथ लिहिला. चोरून निरोप कसे आत येतात हे सांगताना तो सहज उदाहरण देतो, की इलियनचे, म्हणजे ट्रॉयचे, लोक इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसतात, तरी लोक्रिसच्या मुली आत पोचतातच. कोरड्या कामाच्या पुस्तकातली ती एक ओळ शंभर काव्यांपेक्षा भरवशाची आहे. कदाचित पाठलाग ठरलेल्या विधीचा भाग झाला असेल आणि मारणारे हात मुद्दाम आखडते घेतले जात असतील. अंधारात पळणाऱ्या मुलीला ते कुणी सांगितलं असेल का? इतिहासकार पॉलिबियस लोक्रियनांच्या इटलीतल्या वसाहतीत अनेकदा गेला होता. तिथलं कुलीनपण आईकडून चाले, बापाकडून नाही, आणि ते मोजलं जाई ‘शंभर घरां’वरून; ट्रॉयला पाठवायच्या मुली ज्यांतून चिठ्ठीनं काढायच्या, ती घरं. मुलगी गमावण्याची पात्रता हीच तिथली खानदानी.

ज्या इलियनला या मुली जात, ते तोवर ग्रीकांचंच गाव झालं होतं. प्रायमची माणसं केव्हाच संपली होती. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा राजा झर्क्सीस यानं तिथल्या अथीनाला हजार बैल वाहिले, पुढं अलेक्झांडर येऊन गेला. देवीचं मोठं देऊळ बांधताना टेकडीचा माथा सपाट केला गेला आणि जुन्या ट्रॉयच्या गडाचा मधला भाग त्यात कायमचा गेला. लोक्रिसच्या ग्रीक मुली ग्रीकांच्याच देवळात, ग्रीकांनी मारलेल्या परक्या राजकन्येसाठी झाडू मारत होत्या.

पुढं मुली कमी वयाच्या होत गेल्या. दाईबरोबर वर्षाच्या तान्ह्या मुली पाठवल्या जाऊ लागल्या. इ.स.पू. ३४६ मध्ये फोकिसचं युद्ध संपलं त्या सुमाराला हजार वर्षं भरली असं म्हणून प्रथा थांबवली गेली. पण ती पुरती थांबली नाही. कोणत्या गावानं मुली द्यायच्या यावर तंटा झाला, तो अँटिगोनस राजापुढं गेला. कोरिंथच्या आखाताकाठी व्हिट्रिनित्सा गावी सापडलेला आणि आडोल्फ विल्हेल्म यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेला इ.स.पू. तिसऱ्या शतकातला एक शिलालेख या व्यवहाराचा करार आहे. एजॅक्सचं कूळ आणि त्याचं गाव नारिका मुली पाठवायला राजी आहेत. बदल्यात या कुळातल्या कुणाला ओलीस म्हणून नेता येणार नाही. मुलींच्या कपड्यालत्त्याचा आणि पोटाचा खर्च मिळेल. त्यांच्या आईवडिलांना आधार दिला जाईल. दगडावर कोरलेल्या कलमांत कॅसांड्राचं नाव शोधायला जाऊ नये. तिथं हिशेब आहे, आणि हिशेब ज्यांच्या नावावर मांडला गेला त्या मुलींच्या घरच्यांची समजूत आहे.

प्लुटार्कनं इसवी सनाच्या पहिल्या शतकाअखेरीस देवांच्या उशिरा येणाऱ्या शिक्षेवर लिहिलं, तेव्हा ही प्रथा बंद होऊन फार दिवस झाले नाहीत, असं तो म्हणाला. पूर्वजाच्या पापासाठी पोरींनी का भोगावं, हा प्रश्न त्याच्या संवादातला एक जण रागानं विचारतो आणि त्या मुलींचं चित्र समोर ठेवतो: दासींसारख्या, पहाटे उठून अथीनाच्या वेदीभोवतीची जमीन झाडणाऱ्या, पायांत काही नाही, डोकं उघडं, आणि म्हातारपण येऊन ठेपलं तरी हातातला झाडू तसाच.